कोडिंग जमत नाही, म्हणजे शाखा चुकली का?

कॉम्प्युटर सायन्सची मुलं दुसऱ्या वर्षाच्या आसपास माझ्याकडे एकच काळजी घेऊन येतात. वर्गातले बाकीचे शाळेपासून कोडिंग करताहेत, मला ते जमत नाही, मी चुकीच्या शाखेत आलो. हल्ली त्यात भर पडली आहे: कोड तर आता एआय लिहितं, मग शिकून उपयोग काय? अशाच एका विद्यार्थिनीबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती आली ती शाखा बदलायचं जवळपास ठरवूनच. गुण बरे होते, पण प्रॅक्टिकलला तिचा धीर सुटायचा. शेजारचा मुलगा प्रोग्राम चालवून मोकळा व्हायचा, तेव्हा हिचं सुरुवात कुठून करायची इथंच अडलेलं असायचं. मी विचारलं, "इथे आल्यापासून कधी वेळेचं भान हरपलं, असं झालंय का गं?"

ती आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, "एकदा झालं होतं, मॅडम. पण ते कोडिंग नव्हतं."

त्यांच्या गटाने तिकीट बुकिंगचा प्रोजेक्ट केला होता. प्रोग्राम नीट चालायचा, पण अधूनमधून एकच जागा दोघांना मिळायची. गटातल्या हुशार मुलांनी पुन्हा पुन्हा चालवून पाहिला. चूक हाती लागेना. हिने कागद घेतला. माझ्यासमोरही तिने तसाच घेतला, दोन रकाने आखले. डावीकडे पहिला ग्राहक: 'जागा किती?' उत्तर 1. त्याने ती घेतल्याची नोंद व्हायच्या आत उजवीकडचा ग्राहक तेच विचारतो. त्यालाही उत्तर 1. दोघांचंही बुकिंग पक्कं होतं, दोघांकडूनही शिल्लक 0 लिहिली जाते. "प्रत्येक ओळ बरोबर आहे," ती म्हणाली, "पण दोघं एकदम आले की घोळ होतो." मला प्रोग्रामिंग येत नाही, तरी मला ते कळलं. आणि सांगताना ती एकदाही अडखळली नाही.

याला रेस कंडिशन म्हणतात. एकाच गोष्टीवर दोघांनी एकाच वेळी हात घालू नये, यावरचा उपाय डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी 1965 साली मांडला. आज अनेक ठिकाणी पहिल्या वर्षाला शिकवतात ती पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आली 1991 मध्ये. भाषा बदलत राहिल्या, प्रश्न तोच राहिला. मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण ती भाषेलाच विषय समजून बसतात. यंत्राला काय सोडवता येणारच नाही, हे गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी 1936 मध्येच सिद्ध केलं होतं, आजच्यासारखे संगणक तयार होण्याआधी.

कोड लिहिणं हे या क्षेत्रातलं एक काम झालं. डेटाबेस सांभाळणारे असतात, नेटवर्क बघणारे असतात, चोर कुठून शिरेल याचाच दिवसभर विचार करणारे सुरक्षातज्ज्ञ असतात. यंत्रांच्या आतल्या चिपसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे वेगळे. गणित-संख्याशास्त्राची गोडी असलेले मशीन लर्निंगकडे, म्हणजे यंत्राला उदाहरणांवरून शिकवण्याकडे, वळतात, काही संशोधनात राहतात. चुका हुडकून काढण्यासाठीही खास माणसं लागतात.

तरी खोटा दिलासा मी दिला नाही. यातल्या बहुतेक कामांना कोड वाचता आणि थोडाफार लिहिता यावाच लागतो. एआयमुळे साचेबद्ध कामं बदलत आहेत, नव्याने नोकरीला लागणाऱ्यांची काळजी खरी आहे, आणि नुसत्या पदवीवर नोकरीची हमी कुणी देऊ नये. पण एआयने लिहिलेला कोडही दोन ग्राहक एकदम आल्यावर घोळ घालू शकतो. तो ओळखायला कुणीतरी लागतं.

आम्ही ठरवलं ते साधं होतं. शाखा बदलण्याआधी एक सत्र थांबायचं. कोऱ्या स्क्रीनपुढे बसण्याऐवजी रोज दुसऱ्याचा छोटा प्रोग्राम वाचायचा, तो कुठे मोडेल ते कागदावर लिहायचं, मग चालवून बघायचं. वेग हळूहळू आला, फार नाही. पुढे तिने डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टिम (संगणकातली सगळी कामं सांभाळणारी मूळ प्रणाली) हे विषय मनापासून केले आणि इंटर्नशिप टेस्टिंगमध्ये, म्हणजे चुका हुडकण्याच्या कामात, घेतली.

सगळ्यांचं असं होत नाही. एका मुलाला आठवून आठवूनही वेळेचं भान हरपलं असा एकही प्रसंग सापडला नाही. त्याने शाखा बदलली, आणि घरच्यांना पटवून देताना मी त्याच्या बाजूने बसले. मात्र निर्णयाआधी डेटा स्ट्रक्चर्स (माहिती कशी रचून ठेवायची) आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे दोन विषय करून बघ, असं मी प्रत्येकाला सांगते. पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगवरून या शाखेची फार थोडी ओळख होते.