वाचकांचे प्रश्न : ‘ॲबा’ घडला कसा, थांबला कसा?

सत्तरच्या दशकातील हिंदी चित्रपटसंगीतावरील मागील अंकातल्या लेखात एक ओझरता उल्लेख होता. ‘हम किसीसे कम नहीं’ या १९७७ सालच्या चित्रपटातील ‘मिल गया हम को साथी मिल गया’ या गाण्याची चाल राहुलदेव बर्मन यांनी स्वीडनमधील ‘ॲबा’ या चमूच्या ‘मामा मिया’वरून घेतली होती, असे त्यात म्हटले होते. त्या एका वाक्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझे बालपण भुसावळच्या रेल्वे वसाहतीत गेले. तेथे नाताळच्या दिवसांत ही गाणी वाजत असत आणि गाणारे इंग्रज आहेत असेच आम्ही समजत होतो. स्वीडनसारख्या लहान देशातील चौघे जगभर पोहोचले कसे? (एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : लहान म्हणजे किती लहान, हे आधी पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या तीन जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या सुमारे ७९ लाख होती आणि १९७४ साली अख्ख्या स्वीडनची लोकसंख्या ८० लाखांहून थोडीच अधिक होती. म्हणजे खान्देशाएवढ्या माणसांच्या देशातून, घरी वेगळीच भाषा बोलणारे चार कलावंत उठले आणि इंग्रजी गाण्यांच्या बाजारात उभे राहिले.

हे चौघे नवखे मात्र नव्हते. ब्यॉर्न उल्व्हेउस लोकगीतांच्या वळणाने गाणाऱ्या ‘हूटेनॅनी सिंगर्स’ या गटात होता, तर बेनी अँडरसन ‘हेप स्टार्स’ या त्या काळी स्वीडनमध्ये अतिशय लोकप्रिय असलेल्या बँडचा कीबोर्डवादक होता. दोघांची भेट १९६६ साली झाली आणि तेव्हापासून ते जोडीने चाली बांधू लागले. आग्नेता फेल्ट्स्कोग हिचे स्वतः रचलेले गाणे ती सतरा वर्षांची असतानाच, १९६८ च्या आरंभी, स्वीडनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले होते. चौथी आनी-फ्रीड लिंगस्टाड, म्हणजेच फ्रीडा. तिचा जन्म १९४५ साली नॉर्वेत झाला. वडील जर्मन सैनिक होते, त्यामुळे युद्धानंतरच्या नॉर्वेत त्या मुलीच्या वाट्याला काय आले असते हे ओळखून आजीने तिला स्वीडनला आणले. आई लवकर वारली आणि आजीनेच तिला वाढवले. वयाच्या तेराव्या वर्षापासून फ्रीडा नृत्यवाद्यवृंदांबरोबर गात होती. आपल्याकडे यात्रेच्या मैदानात तंबू ठोकून फड उभे राहतात, तशी स्वीडनमध्ये गावोगावी ‘फोल्कपार्क’ नावाची लोकोद्याने आहेत. उन्हाळ्यात तेथे नाच-गाण्याचे कार्यक्रम होतात आणि समोरचा प्रेक्षक लगेच नाचू लागला नाही तर गाणे पडते. चौघांनीही ही तालीम पुरेपूर केली होती आणि माझ्या मते त्यांच्या पुढच्या यशाचे मूळ तेथेच आहे.

पाचवा माणूस स्टिग अँडरसन. हा व्यवस्थापक, ‘पोलार’ या ध्वनिमुद्रिका कंपनीचा मालक आणि सुरुवातीच्या काही गाण्यांचा सहगीतकार होता. जगाचे दार ‘युरोव्हिजन’ या युरोपीय देशांमधल्या वार्षिक गीतस्पर्धेतूनच उघडेल, अशी त्याची पक्की धारणा होती. १९७३ साली ‘रिंग रिंग’ हे गाणे देशांतर्गत निवडफेरीतच तिसरे आले आणि संधी हुकली. पुढच्या वर्षी ‘वॉटर्लू’ घेऊन ते पुन्हा उतरले. निवडफेरीत ते गाणे स्वीडिशमध्ये गायले गेले, पण स्पर्धेच्या नियमांनी तेव्हा कोणत्याही भाषेत गाण्याची मुभा दिलेली असल्यामुळे ६ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे त्यांनी ते इंग्रजीत सादर केले आणि २४ गुणांनी स्पर्धा जिंकली. यजमान ब्रिटनच्या परीक्षकांनी त्यांना त्या रात्री एकही गुण दिला नव्हता. त्याच ब्रिटनमध्ये पुढे त्यांची नऊ गाणी पहिल्या क्रमांकावर गेली.

त्यानंतरचे दीड वर्ष फार कठीण होते. स्पर्धा जिंकणारे एका गाण्यापुरतेच असतात, अशी समजूत रूढ होती आणि ब्रिटनमध्ये त्यांची पुढची गाणी खरोखरच पडली. वाट निघाली ती ऑस्ट्रेलियातून. दूरच्या देशांत प्रत्यक्ष जाणे परवडत नसल्यामुळे त्यांनी लासे हालस्ट्रॉम या तरुण दिग्दर्शकाकडून गाण्यांच्या छोट्या चित्रफिती करून घेतल्या होत्या. ‘मामा मिया’ची चित्रफीत ऑस्ट्रेलियाच्या दूरचित्रवाणीवर दाखवली गेली, प्रेक्षकांनी ती पुन्हा पुन्हा मागितली आणि गाणे तेथे दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. जानेवारी १९७६ अखेर तेच गाणे ब्रिटनमध्येही पहिले आले.

आता आपण ऐकलेल्या आवाजाकडे येतो. ती गाणी भुसावळच्या वसाहतीत कानांना इतकी भरघोस का वाटली असतील? मायकेल ट्रेटो या ध्वनिमुद्रकाने गायिकांचे आवाज एकावर एक अनेकदा मुद्रित केले आणि प्रत्येक वेळी फितीची गती किंचित बदलली. त्यामुळे दोन थरांमध्ये सुराचा बारीकसा फरक पडतो आणि दोन बायका गात असताना वीस जणी गात असल्याचा भास होतो. आग्नेताचा आवाज उंच आणि धारदार, फ्रीडाचा त्याहून खालचा आणि उबदार. दोघींना आपापल्या पट्टीच्या वरच्या टोकाला नेऊन एकत्र गायला लावले की जी चमक येते, ती एकटीच्या आवाजात येत नाही. ‘डान्सिंग क्वीन’चे काम १९७५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले आणि गाणे बाजारात आले १९७६ च्या ऑगस्टमध्ये. साध्या वाटणाऱ्या चार मिनिटांसाठी त्यांनी एवढे थांबणे पत्करले. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले त्यांचे एकमेव गाणे तेच.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांना आबा म्हणतात, त्यामुळे हे नाव वाचून आश्चर्य वाटले. त्याचा स्वीडिश भाषेत काही अर्थ आहे काय? (एक गृहिणी, पारोळा)

उत्तर : आपल्या ‘आबा’शी त्याचा संबंध नाही. आग्नेता, ब्यॉर्न, बेनी आणि आनी-फ्रीड या चार नावांची रोमन आद्याक्षरे एकापुढे एक ठेवून हे नाव तयार झाले. स्वीडनमध्ये याच नावाची, डबाबंद मासळी विकणारी एक जुनी कंपनी होती आणि तिची परवानगी घेऊनच चमूने ते नाव वापरले.

प्रश्न : दोन्ही जोडप्यांचे घटस्फोट झाल्यामुळे चमू फुटला, असे मी वाचले. मग घटस्फोटानंतरही ते एकत्र गात राहिले, ते कसे? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अमळनेर)

उत्तर : आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. आग्नेता आणि ब्यॉर्न यांचा विवाह १९७१ साली झाला. ते वेगळे होत असल्याचे १९७९ च्या आरंभी जाहीर झाले. बेनी आणि फ्रीडा यांनी अनेक वर्षांच्या सहवासानंतर १९७८ साली लग्न केले आणि १९८१ साली तेही विभक्त झाले. चमूचे काम मात्र १९८२ च्या अखेरीपर्यंत चालू होते. पहिले घर मोडल्यानंतर जवळजवळ चार वर्षे हे चौघे एकाच स्टुडिओत येत राहिले, हे लक्षात घेतले तर केवळ घटस्फोटाने चमू फुटला असे म्हणता येत नाही.

त्या चार वर्षांतली गाणी मला त्यांच्या सर्व कामात अधिक मोलाची वाटतात. १९८० सालचे ‘द विनर टेक्स इट ऑल’ ब्यॉर्नने लिहिले आणि आग्नेताने गायले. नवऱ्याने लिहिलेले विभक्तपणाचे शब्द तिच्याच तोंडी आले. गाण्यातला प्रसंग आपल्या घरातला नाही, आपल्या घटस्फोटात कोणी जिंकले नव्हते, असे ब्यॉर्नने नंतर अनेकदा सांगितले, परंतु तो अनुभव घेतल्याखेरीज ते शब्द आले नसते हेही त्याने नाकारले नाही. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीत बाई कोणावर आळ न घेता आपले दुःख सांगते. त्या गाण्यातील स्त्रीही तक्रार करीत नाही, हात टेकते आणि तरी बोलत राहते. त्याची चाल दोनच छोट्या स्वरवाक्यांवर फिरत राहते आणि प्रत्येक कडव्यात आवाज तेवढा चढत जातो. घटस्फोटावर गाणी पुष्कळ झाली, परंतु लिहिणारा आणि गाणारी या दोघांनी मिळून ते दुःख इतक्या सभ्यपणे हाताळल्याचे उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

थांबण्याची खरी कारणे एकात एक गुंतलेली होती. आग्नेताला दौरे नकोसे झाले होते. मुले लहान होती आणि विमानप्रवासाची तिला भीती वाटत असे. १९८० च्या मार्चमध्ये जपानमध्ये झालेले कार्यक्रम हा त्यांचा अखेरचा दौरा ठरला. बेनी आणि ब्यॉर्न यांना तीन-चार मिनिटांच्या गाण्याचा साचा अपुरा वाटू लागला होता. टिम राइस या इंग्रज गीतकाराबरोबर बुद्धिबळाच्या पटावरचे ‘चेस’ हे संगीतनाट्य करण्याचे त्यांच्या मनाने घेतले आणि १९८४ साली त्याची ध्वनिमुद्रिका आलीही. दोन्ही गायिका स्वतंत्र ध्वनिमुद्रिकांकडे वळल्या. १९८१ सालचा ‘द व्हिजिटर्स’ हा संग्रह ऐकला तर चौघेही मनाने दूर गेल्याचे कळते. गंमत अशी की जर्मनीतील कारखान्यात १९८२ च्या ऑगस्टमध्ये विक्रीसाठी पहिल्यांदा सीडी निघाल्या, तेव्हा त्यांत हाच संग्रह होता.

चमू बरखास्त झाल्याची घोषणा कोणी केली नाही. १९८२ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात ते एकत्र दिसले आणि पुढची तारीख ठरलीच नाही.

प्रश्न : चाळीस वर्षांपूर्वी थांबलेल्या चमूची गाणी माझे विद्यार्थी आज गुणगुणतात. हे कसे झाले? आणि लंडनमध्ये त्यांचा कार्यक्रम रोज होतो म्हणतात, तो नेमका काय प्रकार आहे? (एक संगीतशिक्षक, धुळे)

उत्तर : मधली दहा वर्षे ही गाणी जुनाट समजली जात होती. स्वीडनमध्ये तर त्यांच्या ऐन भरातही डाव्या विचारांच्या संगीतचळवळीने त्यांना बाजारू ठरवले होते. १९९२ साली ‘इरेझर’ या ब्रिटिश जोडगोळीने त्यांची चार गाणी नव्याने गाऊन पहिला क्रमांक मिळवला आणि त्याच वर्षी निवडक गाण्यांचा ‘ॲबा गोल्ड’ हा संग्रह आला, ज्याच्या पुढे कोट्यवधी प्रती खपल्या. ब्रायटनच्या विजयाला बरोबर २५ वर्षे झाली त्या दिवशी, ६ एप्रिल १९९९ रोजी, लंडनमध्ये ‘मामा मिया’ हे संगीतनाट्य सुरू झाले. आई आणि मुलगी यांच्या गोष्टीत जुनी गाणी ओवल्यामुळे ती एका पिढीकडून दुसरीकडे गेली. २००८ साली त्यावर चित्रपट आला आणि आपले विद्यार्थी बहुधा याच वाटेने या गाण्यांपर्यंत पोहोचले असावेत.

शिक्षक म्हणून आपल्याला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटेल. स्वीडनमध्ये नगरपालिकांच्या संगीतशाळा आहेत आणि तेथे मुलांना अल्प खर्चात वाद्य शिकता येते. ‘ॲबा’मुळे स्वीडनचा माणूस जगाला गाणी पुरवू शकतो हा विश्वास रुजला आणि या शाळांनी माणसे घडवली. अमेरिकी गायकांसाठी गेली अनेक वर्षे पहिल्या क्रमांकावर जाणारी गाणी रचणारा मॅक्स मार्टिन अशाच शाळेत शिकलेला आहे.

लंडनच्या कार्यक्रमात चौघे प्रत्यक्ष नसतात, तरीही त्याला नुसती चित्रफीत म्हणता येणार नाही. सत्तरी गाठलेल्या या चौघांनी अंगभर संवेदक लावलेले कपडे घालून पाच आठवडे १६० कॅमेऱ्यांपुढे गाणी सादर केली आणि त्या हालचालींवरून त्यांची १९७९ च्या सुमाराची रूपे संगणकावर उभी केली गेली. २७ मे २०२२ पासून, त्यासाठी खास बांधलेल्या सुमारे ३,००० प्रेक्षकांच्या नाट्यगृहात ही रूपे पडद्यावर गातात आणि बाजूला दहा वादकांचा जिवंत वाद्यवृंद साथ करतो. त्याआधी, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये, त्यांचा ‘व्हॉयेज’ हा नवा संग्रह आला होता. २००० साली सुमारे एक अब्ज डॉलरचा दौरा नाकारणारी ही माणसे पैशासाठी परतली नाहीत, असे मला वाटते.

प्रश्न : आम्ही मित्र अहिराणी गाणी करून इंटरनेटवर टाकतो. हिंदीत गा, म्हणजे जास्त लोक ऐकतील, असे सगळे सांगतात. ‘ॲबा’नेही परकी भाषा घेतली. आम्ही काय करावे? (एक तरुण गायक, शहादा)

उत्तर : त्यांनी भाषा परकी घेतली, चाल नाही. बेनीचे वडील आणि आजोबा अकॉर्डियन वाजवीत आणि सहाव्या वर्षी त्याच्याही हाती ते वाद्य आले. त्याच्या चालींतला उदास गोडवा स्वीडनच्या लोकसंगीतातून आला आहे आणि इंग्रजी शब्दांखाली तो सतत ऐकू येतो. त्यांच्या इंग्रजीत काही वेळा अवघडलेपण आहे, पण चालीत ते कधीच नाही, कारण चाल आधी बांधली जाई आणि शब्द मागाहून येत.

स्वतःची भाषाही त्यांनी टाकली नाही. ऐन लोकप्रियतेच्या काळात, १९७५ साली, आग्नेताने जवळजवळ सर्व चाली स्वतः बांधून एक संपूर्ण स्वीडिश संग्रह काढला. जगभर गाजलेले ‘फर्नांडो’ हे गाणेही आधी फ्रीडासाठी स्वीडिशमध्येच तयार झाले होते. बेनी आणि ब्यॉर्न यांच्याजवळ जगातली कोणतीही रंगभूमी निवडण्याची ऐपत असताना त्यांनी आपले सर्वांत मोठे संगीतनाट्य, गरिबीमुळे अमेरिकेला गेलेल्या स्वीडिश शेतकरी कुटुंबाच्या कथेवरचे, स्वीडिशमध्येच केले. १९९५ साली ते माल्मो येथे रंगमंचावर आले आणि पुढे जवळजवळ चार वर्षे स्वीडनमध्ये चालले.

तेव्हा हिंदीत जरूर गाऊन पाहा, त्यात कमीपणा नाही. मात्र कानबाईच्या उत्सवात आणि लग्नाच्या बँडवर जी चाल आपल्या कानांवर लहानपणापासून पडली, ती हिंदी शब्दांसाठी मोडू नका. आपले पुढचे गाणे झाले की आमच्याकडे अवश्य पाठवा, आम्ही ते ऐकू.