पैसे गेले, मैल का नाही आले?

प्रश्न: ताई, मे महिन्यात गोव्याच्या मोपा विमानतळावरून बंगळूरला मुलाकडे गेले होते. जाण्या-येण्याचं तिकीट एकदमच काढलं होतं. परतीच्या आदल्या रात्री नातवाला ताप भरला म्हणून राहिले, गडबडीत तिकीट रद्द करायचंही राहून गेलं. आठवड्याने नवं तिकीट काढून आले. प्रवासाबद्दल विमान कंपनी बक्षिसाचे मैल खात्यात जमा करते, ते साठले की फुकट तिकीट मिळतं. आता त्या खात्यात पाहते तर बुडालेल्या फेरीचा एकही मैल नाही. पैसे पूर्ण घेतले, जागा रिकामी नेली, वर माझ्या वजनाचं इंधन वाचवलं. खरं तर दुप्पट मैल द्यायला हवेत!
— एक निवृत्त शिक्षिका, फोंडा

उत्तर: बाई, तुमचं गणित वाचून हसू आलं, पण त्यात अगदीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही.

आधी तिकीट म्हणजे काय ते सांगते. मी गोव्याच्या दाबोळी विमानतळावर विमान कंपनीच्या काउंटरवर लागले तेव्हा तिकीट म्हणजे कार्बन लावलेली पातळ वही असायची. प्रत्येक उड्डाणाचं एक पान, त्याला कूपन म्हणायचं. प्रवासी आला की ते पान फाडून घ्यायचं, विमान सुटल्यावर पानं मोजायची, गठ्ठा बांधायचा आणि हिशेब खात्याकडे धाडायचा. पैसे कधीच बँकेत जमा झालेले असत, पण जोवर माणूस उडत नाही तोवर हिशेबाच्या वहीत ते कंपनीवरचं देणं. फाटलेलं कूपन पोचलं की ती कमाई. १ जून २००८ पासून आयाटाने, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, कागदी तिकिटं बंद केली, पण कूपन संपलं नाही, संगणकात गेलं. तिथे आजही त्याची अवस्था बदलत जाते: वापरलेलं नाही, चेक-इन झालं, विमानात चढले, उडालं. मैलांचं खातं त्या शेवटच्या शब्दाची वाट बघत बसतं.

चेक-इनसुद्धा पुरत नाही. दाबोळीला एक गृहस्थ बोर्डिंग पास घेऊन, बॅग आत पाठवून, घरून फोन आला म्हणून तसेच निघून गेले. कुणाला सांगितलंही नाही. माणूस नाही तर त्याची बॅगही विमानात ठेवता येत नाही, म्हणून विमानाचं पोट उघडून सगळ्या बॅगा तपासल्या. विमान पाऊण तास उशिरा सुटलं. महिन्याभराने हेच गृहस्थ मैल का नाही आले म्हणून माझ्यासमोर उभे! बोर्डिंग पासचा तुकडा त्यांनी पुराव्यासाठी जपून ठेवला होता.

पण हे झालं यंत्राचं उत्तर. तुम्ही शिक्षिका, एवढ्यावर सोडणार नाही. तुमच्यासारख्या तिकिटावर प्रवासी आला नाही तर ते पैसे शेवटी कंपनीच्याच खिशात राहतात. शिवाय हल्ली मैल हे नुसतं नाव उरलंय. एअर इंडियाने २०२४ पासून अंतराऐवजी भाड्यावर पॉइंट द्यायला सुरुवात केली; अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ते २०१५-१६ मध्येच केलं. मोजायचे जर रुपयेच, तर माणूस बसला काय नि न बसला काय?

याचं उत्तर योजनेच्या जन्मात आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण सुटलं आणि कंपन्यांची चढाओढ लागली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपली मैलांची योजना काढली, पाठोपाठ त्याच महिन्यात युनायटेडने. त्यांचा डोळा तुमच्या-माझ्यावर नव्हता, कंपनीच्या कामासाठी महिन्यातून चार वेळा उडणाऱ्या साहेबावर होता. तिकिटाचे पैसे देते त्याची कंपनी, पण कोणत्या विमानाने जायचं ते बहुतेकदा ठरवतो तो. म्हणून बक्षीस पैसे देणाऱ्याला नाही, खुर्चीत बसणाऱ्याला. वेर्ण्याच्या औषध कारखान्यातले अधिकारी मुंबईच्या फेऱ्या मारून बायकोमुलांना सुट्टीत फुकट फिरवून आणायचे ते असंच. पैसे भरले की मैल, असा नियम असता तर ते कारखान्याने मागितले असते, आणि साहेबाला कसली ओढ राहिली असती?

मडगावचे एक व्यापारी पाच जणांची तिकिटं घेऊन यायचे आणि पाचही जणांचे मैल आपल्या कार्डावर चढवा म्हणून अडून बसायचे. "पैसे मी मोजले, मग बायकोच्या नावावर कशाला?" बायको शेजारीच उभी. मी म्हटलं, "शेट, तिच्या जागी तुम्ही बसा, मग बघू." बाईंनी मला जे हसून दाखवलं ते अजून आठवतं. (अलीकडे काही योजनांत घरच्यांचे पॉइंट एकत्र जमवता येतात. त्या वेळी नव्हते.)

आणि जागा रिकामी गेली हे कुणी सांगितलं तुम्हाला? काही जण येणारच नाहीत हे धरून कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतात. तुमच्या खुर्चीत कुणी दुसराच बसून आला असेल, आणि त्याचे मैल त्याला मिळाले असतील.

आता कामाचं. मैल विसरा, कर मागा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे न वापरलेल्या तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचं वापरशुल्क परत मिळतं, मूळ भाडं परत न मिळणारं असलं तरी. आपणहून कुणी आणून देणार नाही. पीएनआर घालून लेखी मागा. एक बरं झालं, तुमची दुसरी फेरी बुडाली. पहिली बुडाली असती तर परतीचं तिकीटही बहुधा आपोआप रद्द झालं असतं. त्यावर काउंटरवर जी भांडणं होतात ती इथे छापण्याजोगी नाहीत.

प्रश्न: पण ताई, मला घरबसल्या मैल मिळतात! क्रेडिट कार्डावर किराणा घेतला तरी. मग न उडता मैल नाहीत हे कसं काय?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: कारण ते मैल तुमच्या बँकेने विकत घेतलेत. विमान कंपनी बँकांना, हॉटेलांना मैल घाऊक विकते आणि रोख पैसे घेते. तुम्ही उडता की घरी चहा पिता याच्याशी तिला मग देणंघेणं नसतं. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरने एका खाद्यकंपनीची मैलांची जाहिरात नीट वाचली, पुडिंगचे १२,१५० कप सुमारे ३,१४० डॉलरला उचलले आणि बारा लाखांहून जास्त मैल मिळवले. विमान कंपनीचं काहीच बुडालं नाही. हात पोळले ते पुडिंगवाल्यांचे.

हा धंदा मोठा आहे. कोविडमध्ये विमानं जमिनीवर असताना युनायटेडने २०२० मध्ये आपली मैलांची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. आपल्याकडे जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, पण तिची मैलांची योजना वेगळी कंपनी असल्यामुळे नाव बदलून चालू राहिली. उडायला विमान नाही आणि मैल मात्र जिवंत!

तुमच्या किराण्याच्या मैलांवर तिकीट मिळेल, पण रांग टाळून आत सोडणारं ते सोनेरी कार्ड बहुतेक ठिकाणी अजून उडूनच कमवावं लागतं.

नुसतं उडूनही भागत नाही म्हणा. मी नोकरीच्या सत्तावीस वर्षांत किती वेळा उडाले त्याचा हिशेब नाही, पण कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या तिकिटावर मैल नसतात. निवृत्तीनंतर स्वतःच्या पैशांनी पहिल्यांदा तिकीट काढलं ते पुण्याचं, भाचीच्या लग्नाला. आठवड्याने खातं उघडलं तर शून्य. नाव चढवताना काउंटरवरच्या पोराने माझं माहेरचं आडनाव घातलं होतं. मी बोर्डिंग पास जपून ठेवला होता, त्या दाबोळीच्या गृहस्थांसारखाच.