सासूबाईंच्या सासूबाईंचं नाव

पत्र: "आमची मुलगी पाच आठवड्यांची आहे. तिचं नाव गोदावरी ठेवावं असं मला फार वाटतं. हे माझ्या आजेसासूबाईंचं नाव. त्या चार वर्षांपूर्वी गेल्या. नवऱ्याची हरकत नाही. सासूबाई मात्र म्हणतात, 'म्हातारीचं नाव पोरीच्या गळ्यात कशाला? शाळेत चिडवतील.' नणंदेला अनायरा हवंय. रास मेष आली, अक्षर 'ला' निघालं. एका नातेवाइकांनी तर मुलीला नदीचं नाव ठेवूच नये असं शास्त्र सांगितलं. बारसं तोंडावर आलंय. काय करू?"
– एक आई, नाशिक

उत्तर:

सासूबाईंनी सांगितलेलं शाळेचं कारण थोडा वेळ बाजूला ठेवा. तुमच्यासाठी गोदावरी हे आजेसासूबाईंचं नाव आहे, पण त्यांच्यासाठी ते सासूचं आहे. सुनेनं सासूचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, ही रीत जन्मभर पाळलेल्या बाईला आता "गोदे, मातीत हात घालू नकोस" असं ओरडावं लागणार. जीभ वळत नाही हो. शिवाय त्या दोघींचं कसं होतं, याबद्दल तुमच्या पत्रात अवाक्षर नाही. नातवाची लाडकी आजी सुनेची लाडकी सासू असतेच असं नाही.

म्हणून एखाद्या दुपारी, घरात तुम्ही दोघीच असताना, सरळ विचारा: "नाव जुनं म्हणून नको वाटतं, की त्यांचं म्हणून?" त्यांचं म्हणून नको असेल, तर हे नाव सोडा. बाळाला दिवसभर हाक मारणाऱ्यांत सासूबाई पहिल्या असतील, आणि प्रत्येक हाकेला त्यांच्या पोटात काही हललं तर ते मुलीलाही कळेल. अडचण फक्त संकोचाची असेल, तर आपल्याकडे त्यावर जुनाच तोडगा आहे. घरातल्या मोठ्यांचं नाव नातवंडाला ठेवलं की सुना त्या नातवंडाला बाळ, माई, ताई, बाबी अशी हाक मारत. कागदावर गोदावरी राहू द्या आणि हाकेचं नाव सासूबाईंनाच ठेवू द्या.

नाव पक्कं करण्याआधी आणखी एक चौकशी करा. गोदावरी हे आजेसासूबाईंचं माहेरचं नाव की सासरचं? त्यांच्या पिढीत लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहायचे आणि मुलीचं जन्माचं नाव तिथेच संपायचं. १८६५ साली जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे लग्नानंतर आनंदीबाई झाल्या, त्याआधी त्या गोदूबाई होत्या. आजेसासूबाईंचंही असं एखादं पुसलं गेलेलं नाव असेल, तर त्यांची आठवण ठेवायला ते जास्त चांगलं. शिवाय सासूबाईंना ते नाव न घेण्याची सवयही नसेल! शोधायचं कुठे? त्यांच्या माहेरची भाचवंडं, शाळेचा दाखला असल्यास तो, माहेरच्या जमिनीच्या फेरफारातली वारसनोंद. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांची नावं नोंदलेली असतात, पण तिथे बहुधा सासरचंच नाव सापडेल. एक सावधगिरी मात्र हवी. जुनी नावं सगळीच प्रेमाने ठेवलेली नव्हती. मुलं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून धोंडी, दगडू अशी नावं ठेवत. त्यात काळजी तरी होती. नकोशी हे नाव मात्र नावातच सगळं सांगतं. २०११ साली सातारा जिल्ह्यात दोनशेहून जास्त नकोशींची नावं समारंभाने बदलावी लागली.

आता चिडवण्याचं. मुलं चिडवतात ती नादावरून. नाव जुनं आहे की नवं, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. यमुनाची यमी होते आणि यमीतून यम निघतो. भागीरथीची भागी, चंद्रभागेची चंद्री, द्वारकेची द्वारकी. कृष्णा हे नाव यादीत वाचून शिक्षक मुलगा शोधत बसतात. गोदावरीचं गोदाम होईल, हे गृहीत धरा. नाशकात त्यात पावसाळ्याची भर: गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला की वर्गात "गोदावरीला पूर आला" हे ठरलेलं, आणि सिंहस्थात तर विचारूच नका. पण अनायराही सुटणार नाही. ज्या घरात नाव ठामपणे उच्चारलं जातं, तिथली मुलं हे पचवतात. आईनंच "अगं, जरा जुनंच आहे" असं प्रत्येकाला ओशाळून सांगितलं तर अवघड होतं. बाई हा प्रत्यय तेवढा गाळा, तो मानाचा होता. तुमच्या यादीत सुनंदा, कुंदा, शकुंतला अशी नावं असती तर थांबा म्हटलं असतं, कारण ती आज सत्तरीतल्या मावश्या-काकूंची वाटतात. पणजीच्या पिढीचं नाव त्या टप्प्यातून बाहेर पडलेलं असतं. सई, रमा, जानकी, रेवा, अहिल्या परत आल्या त्या अशाच.

नदीच्या नावाबद्दल: नातेवाइकांनी सांगितलेलं शास्त्र मनुस्मृतीत आहे. तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष, नदी यांची नावं असलेल्या मुलीशी लग्न करू नये असं म्हटलंय. महाराष्ट्राने ते कधीच मनावर घेतलं नाही, नाहीतर आपल्या पणज्या-खापरपणज्यांत इतक्या गंगू, यमू, गोदू आणि कृष्णा सापडल्या नसत्या. वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभं करणाऱ्या गोदावरी परुळेकरांचं काही अडल्याचं दिसत नाही.

अक्षराचं कोडं तर सोपं आहे. 'ला' म्हणजे अश्विनीचं चौथं चरण. 'गो' शततारकेच्या पहिल्या चरणात येतं, त्यामुळे ते जुळणार नाही. जुळवायची गरजही नाही. नामकरणात देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी वेगवेगळी नावं असतात. गुरुजींना नाक्षत्रनाम 'ला'वरून घ्यायला सांगा, व्यवहारात गोदावरी ठेवा.

घाईचं कारण नाही, हेही लक्षात घ्या. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते आणि ती बहुतेक वेळा रुग्णालयातून जाते. त्या नोंदीत नावाचा रकाना कोरा राहिला तरी चालतो. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. एकदा नोंदलेलं नाव बदलणं मात्र कटकटीचं, म्हणून बारसं झालं तरी दोन-तीन महिने महापालिकेत जाऊ नका. तेवढ्यात नाव वापरून बघा. दुसऱ्या खोलीतून हाक मारा. रागावून म्हणा. डॉक्टरांकडे फोनवर सांगा आणि पलीकडच्याने किती वेळा "काय?" विचारलं ते मोजा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव सरकारी कागदपत्रांत बाळ, आई, वडील, आडनाव या क्रमाने लिहायचं असा राज्य सरकारचा निर्णय आहे. म्हणजे चार अक्षरी गोदावरीच्या मागे तुमचंही नाव येणार. चारही नावं एका दमात म्हणून पाहा.

इंग्रजी स्पेलिंग दोघांनी बसून आधीच लिहून ठेवा. 'व'ला व्ही की डब्ल्यू, शेवटी आय की डबल ई, हे जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि पासपोर्टच्या अर्जात तिसरं झालं की पुढे दुरुस्तीच्या फेऱ्या सुरू होतात. साधं, व्ही आणि आय असलेलं घ्या. परदेशी गेल्यावर सुरुवातीची तीन अक्षरं 'गॉड' अशी वाचली जातील, तेवढी तयारी असू द्या.

राहिल्या नणंदबाई. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचाच, तेव्हा त्यांना ऐन पाळण्यापाशी गोदावरी कळता कामा नये. त्यांचीही ती आजीच होती. सासूबाईंशी बोलणं झालं की लगेच त्यांना फोन करा, पाळण्यावर नावाची अक्षरं लावायच्या आधी. अनायरा हाकेसाठी हवं म्हणाल्या तर हो म्हणू नका. हाकेचं नाव तुम्ही सासूबाईंना देऊन बसलेल्या आहात.