वाचकांचे प्रश्न : पांढऱ्या उंदरांत एनके पेशी दिसत का नाहीत?

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पांढऱ्या बाल्ब-सी उंदरांच्या प्लीहेतील एनके पेशी (नॅचरल किलर, म्हणजे रोगट पेशी मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) मोजण्यासाठी आम्ही एनके 1.1 या पृष्ठप्रथिनाविरुद्धची पीके-136 ही अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारे, चमकता रंग जोडलेले प्रथिन) वापरली, पण फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावर, एकही पेशी उजळली नाही. गेल्या वर्षी हीच बाटली काळ्या सी-57 ब्लॅक-6 उंदरांवर उत्तम चालली होती. एप्रिलमध्ये वीज गेल्याने फ्रिज काही तास बंद होता, त्यात ती बिघडली असावी, असे आमच्या सरांना वाटते. नवी मागवावी का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : नवी बाटली मागवू नका, तीही या उंदरांत काहीच दाखवणार नाही. सरांची शंका रास्त आहे, कारण उष्णतेने आणि उजेडाने अँटिबॉडीला जोडलेला चमकणारा रंग खरोखरच खराब होतो. परंतु इथे कारण उंदराच्या वाणात आहे.

पीके-136 ही अँटिबॉडी 1984 साली प्रसिद्ध झाली. ती तयार करताना सी-3-एच आणि बाल्ब-सी यांच्या संकरातून जन्मलेल्या उंदरांना, एनके 1.1 असलेल्या दुसऱ्या वाणाच्या पेशी टोचल्या होत्या. कोणताही प्राणी सहसा स्वतःच्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी बनवत नाही, त्यामुळे जे बाल्ब-सीकडे नाही नेमके तेच ही अँटिबॉडी ओळखते. तुमच्या उंदरांत एनके पेशी आहेतच. त्यांच्यावरील त्या कुळातील प्रथिनांची घडण थोडी वेगळी असल्याने अँटिबॉडी तिथे चिकटत नाही. उंदराच्या पेशींसाठीच्या बहुतेक अँटिबॉडी उंदीर (माऊस) सोडून रॅट किंवा हॅमस्टरसारख्या दुसऱ्या प्राण्यात बनवलेल्या असतात व सहसा सर्व वाणांत चालतात, म्हणून ही अडचण आधी कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या अँटिबॉडी उंदरातच बनवल्या आहेत, त्यांच्या माहितीपत्रकातील वाणांची यादी मात्र आधी पाहावी. सीडी-45.1 आणि सीडी-45.2 या, पांढऱ्या रक्तपेशींवरील एकाच प्रथिनाच्या दोन रूपांचेही असेच आहे : पहिले रूप एसजेएल वाणात असते, दुसरे ब्लॅक-6 आणि बाल्ब-सी या दोन्हींत. एका उंदराच्या पेशी दुसऱ्यात घातल्यावर त्या वेगळ्या ओळखण्यासाठी संशोधक याच फरकाचा मुद्दाम उपयोग करतात.

तुमच्या कामासाठी एनकेपी-46 या एनके पेशींवरील दुसऱ्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी घ्यावी. ती दोन्ही वाणांत चालते. सीडी-49बी हे प्रथिन ओळखणारी डीएक्स-5 ही अँटिबॉडी देखील चालेल, मात्र हे प्रथिन काही टी पेशींवरही (दुसऱ्या प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींवरही) आढळत असल्याने सोबत टी पेशींची खूण असलेल्या सीडी-3 ची अँटिबॉडी घालून त्या पेशी वगळाव्या लागतील. जुन्या बाटलीची खात्री करायची असेल, तर ब्लॅक-6 च्या प्लीहापेशी त्याच दिवशी, त्याच मात्रेने रंगवून पाहा. मात्रा वाढवून बाल्ब-सीमध्ये उत्तर शोधू नका, त्याने केवळ पार्श्वभूमीची चमक वाढेल.

आणि आतापर्यंतच्या तक्त्यांत बाल्ब-सीसमोर ‘एनके पेशी 0 टक्के’ असे लिहिले असेल, तर ते खोडून ‘मोजता आले नाही’ असे लिहा.