व्याख्येची ती पहिली ओळ

दांडिया बाजार, वडोदरा

चि. स अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध दोनदा वाचला. पहिल्याच ओळीत ‘निःशस्त्र नागरिकांचा बळी घेणं म्हणजे दहशतवाद’ अशी व्याख्या करून तू मोकळी झालीस आणि पुढची सगळी पानं तिच्यावर उभी केलीस. मला काळजी त्या ओळीची आहे.

ज्या कॉलेजात तू शिकतेस, तिथेच अरविंद घोष शिकवत होते. 1906 साली त्यांनी बडोदा सोडलं, 1908 साली अलीपूर बॉम्ब खटल्यात ते पकडले गेले, वर्षभराने निर्दोष सुटले. त्याच 1908 च्या 30 एप्रिलला मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी बॉम्ब टाकला तो किंग्जफोर्ड या न्यायाधीशासाठी. पण मेल्या त्या केनेडी नावाच्या इंग्रज मायलेकी. बाँबच्या वाटेला माणसं का जातात, हे ‘केसरी’त लिहिल्याबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्या घरांत खुदीराम हुतात्माच, माझ्याही. पण तुझी व्याख्या त्याला लावून बघ. ‘निःशस्त्र नागरिकांचा बळी’ एवढंच धरलंस तर तो सापडतो. ‘नागरिकांना मारण्याचा हेतू’ धरलास तर सुटतो. एका शब्दाने एवढा फरक पडतो, आणि तू तो ‘हेतू’ शब्द सहज टाकून दिलास.

मोठमोठेही इथेच अडले. मार्सेयला युगोस्लाव्हियाच्या राजाचा खून झाल्यावर राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेने, 1937 साली दहशतवादाविरुद्ध करार केला. त्याला मान्यता दिली ती एकट्या हिंदुस्थानने, तीही इंग्रजी अमलातल्या. करार अमलात आलाच नाही. 1996 साली भारताने संयुक्त राष्ट्रांपुढे दहशतवादाविरुद्धच्या सर्वंकष कराराचा मसुदा ठेवला, तो अजून रखडलाय. परकी सत्तेखालच्या लोकांचा लढा आणि सरकारी फौजांची कृत्यं यांचं काय करायचं, यावर एकमत होत नाही.

आपला यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्यं रोखण्याचा कायदा, तोही बघ. कलम 15 मध्ये ‘लोकांत दहशत पसरवण्याचा हेतू’ असे शब्द आहेत, म्हणजे दहशतीची व्याख्या दहशतीनेच. 2019 पासून तर सरकार एकट्या माणसालाही, खटला न चालवता, दहशतवादी जाहीर करू शकतं. तिथे व्याख्येची सैल शिवण कुणाच्या तरी आयुष्यावर उसवते. हे मला फार लागतं.

माझं मत विचारशील तर कृत्य बघ, करणारा कोण ते नंतर. मारले गेलेले निःशस्त्र होते का? त्यांना मारून तिसऱ्याच कुणाला भिववायचं होतं का? हेच प्रश्न सरकारी बंदुकीलाही विचार.

पहिली ओळ खोडून, खुदीरामला समोर ठेवून पुन्हा लिही. रविवारी सकाळी मसुदा घेऊन ये, मी घरीच आहे.