नाव नंतर, आधी तारीख: दुर्मिळ बिअरबद्दल वाचकांचे प्रश्न

गणपतीला चाकरमानी आणि बोटीवरची मंडळी घरी येऊन गेली की आमच्याकडे बिअरच्या प्रश्नांची रीघ लागते, यंदाही लागलीये. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. बाटलीचं नाव सगळे कळवतात, फोटो पाठवतात, किंमत विचारतात, पण बाटली कधी भरली आणि तिथून इथपर्यंत थंड आली की गरम, हे जवळजवळ कोणीच लिहीत नाही. आणि खरं तर अर्धं उत्तर तिथेच असतं.

प्रश्न: दादा, माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे, सुट्टीवर येताना बेल्जियमहून सहा छोट्या बाटल्या घेऊन आला. बाटलीला लेबलच नाही, नुसतं पिवळं झाकण आणि त्यावर 12. मुंबईच्या एका ओळखीच्याने फोटो बघून बाटलीला तीन हजार देतो म्हणून सांगितलंय. विकू की ठेवू? (रत्नागिरी)

उत्तर: विकू तर नकाच. पिवळं झाकण आणि 12 म्हणजे ती वेस्टव्लेटरेन 12 असणार, सिंट-सिक्स्टस नावाच्या मठातले ट्रॅपिस्ट (हा एक कडक नियमांचा ख्रिस्ती पंथ) साधू ती बनवतात. वर्षानुवर्षं या बाटलीला कागदी लेबल नव्हतंच, जे काय लिहायचं ते झाकणावर. पिवळं झाकण 12 चं, निळं त्यांच्याच 8 चं, हिरवं त्यांच्या ब्लाँड नावाच्या फिकट बिअरचं. 12 मध्ये अल्कोहोल 10.2 टक्के, म्हणजे आपल्या नेहमीच्या बाटलीसारखी घटाघट प्यायची ही बिअर नव्हे.

2005 च्या सुमारास बिअरवेड्या लोकांनी हिला जगातली सगळ्यात भारी बिअर ठरवलं आणि मठाच्या दारात गाड्यांच्या रांगा लागल्या. तरी साधूंनी उत्पादन काही वाढवलं नाही. मठ चालवायला लागतात तेवढेच पैसे मिळवायचे हा त्यांचा नियम. आधी फोन करून गाडीचा नंबर द्यायचा, मग ठरलेल्या दिवशी जाऊन क्रेट उचलायचे अशी पद्धत होती, 2019 पासून ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. 2012 च्या डिसेंबरात मात्र मठाच्या दुरुस्तीसाठी पैसे हवे होते म्हणून त्यांनी गिफ्ट पॅक करून अमेरिकेतसुद्धा विकली होती. घेतलेली बिअर पुढे कोणाला विकू नका असं ते गिऱ्हाइकाला स्वतः सांगतात, आणि मला ते मनापासून पटतं. शिवाय आपल्याकडे परवान्याशिवाय दारू विकणं हा महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग बाटली एक असो की शंभर.

भाच्याने हिशोब बरोबर केलाय बघा. विमानानं परदेशातून येताना माणशी 2 लिटर दारू ड्युटी-फ्री आणता येते, आणि 330 मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे 1.98 लिटर! आता झाकणावरची तारीख वहीत टिपून ठेवा. त्यातली एक भाचा घरी असतानाच फोडा, उरलेल्या नीट थंड ठेवल्यात तर काही वर्षं मस्त टिकतील. ओतताना ग्लास तिरका धरा, हात हलवू नका, आणि तळाचा बोटभर गाळ बाटलीतच राहू द्या. तो यीस्टचा गाळ असतो, पोटात गेला म्हणून काही होत नाही, पण पहिला ग्लास स्वच्छ तपकिरी दिसला पाहिजे. फ्रीजमधून काढली की पंधरा-वीस मिनिटं थांबा, एकदम बर्फगार असली की मनुका-खजुराचा वास येतच नाही.

प्रश्न: दादानू, माझ्या झिलाच्या मित्रान अमेरिकेतसून आयपीएचे सा कॅन हाडल्यान. झील म्हणता, दुर्मिळ आसत, फोडूचे नाय, शोकेसात ठेवूचे. तुमी काय म्हणतास? (मालवण)

उत्तर: काका, आज रात्रीच फोडायला सांगा त्याला. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, तिचा सगळा जीव हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) वासात, आणि तोच वास सगळ्यात आधी जातो. कॅनमध्ये भरताना राहिलेला थोडासा ऑक्सिजन आणि बाहेरची उष्णता मिळून त्याची वाट लावतात, मग उरतो नुसता कडवटपणा आणि ओल्या पुठ्ठ्याची चव. बिअरवाल्यांचा एक ठोकताळा आहे, 3-30-300. म्हणजे 32 अंशावर 3 दिवसांत बिअरचं जेवढं नुकसान होतं तेवढंच 22 अंशावर 30 दिवसांत आणि 3 अंशावर 300 दिवसांत. आता मालवणात शोकेसमध्ये किती अंश असतील ते तुम्हीच सांगा.

कॅलिफोर्नियात रशियन रिव्हर नावाची ब्रुअरी आहे, तिची प्लायनी द यंगर ही बिअर 2005 पासून वर्षातून थोडेच दिवस मिळते आणि त्यासाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात. ती रांग ताज्या बिअरसाठी असते. त्यांच्याच प्लायनी द एल्डरच्या लेबलवर कंपनीनं बजावून ठेवलंय की ही साठवायची नाही, थंड ठेवा आणि ताजी प्या. झिलाला शोकेस सजवायचंच असेल तर रिकामे कॅन ठेवा की, पाण्याने धुऊन उलटे वाळवा म्हणजे मुंग्या येणार नाहीत.

प्रश्न: माझ्याकडे हळूहळू चाळीसेक बाटल्या जमल्यात, इम्पिरियल स्टाउट, बार्लीवाइन (दोन्ही जास्त अल्कोहोलच्या कडक बिअर), काही बेल्जियन. जुनं कौलारू घर आहे, समुद्र जवळ. आत्ता सगळ्या पोटमाळ्यावर खोक्यात आहेत. यूट्यूबवर सगळे तळघर सांगतात, आमच्याकडे तळघर कुठून येणार? (अलिबाग)

उत्तर: पोटमाळ्यावरून आजच खाली काढा, बाकीचं नंतर वाचा. एप्रिल-मेमध्ये कौलं तापली की त्या खोक्यात भट्टी होते, रात्री पुन्हा उतरतं, आणि हे रोजचं वर-खाली नुसत्या उष्णतेपेक्षाही वाईट. युरोपातल्या तळघरात बाराही महिने 12-13 अंश असतात, ते आपल्याकडे आपोआप मिळणार नाहीत हे आधी मान्य करायचं.

जुन्या घरात जांभ्याच्या जाड भिंतींची आतली खोली असते, माजघर म्हणा किंवा बाळंतिणीची खोली म्हणा, अंधारी आणि त्यातल्या त्यात गार. थोड्या दिवसांसाठी ती बरी, म्हणजे एखादा महिना. वर्षं काढायची असतील तर वाइन कूलर घ्या किंवा जुना फ्रीज थर्मोस्टॅट लावून 12 अंशावर चालवा. चाळीस बाटल्यांसाठी हा खर्च जास्त वाटेल, पण माझं स्पष्ट मत आहे की ज्याला तो करायचा नाही त्यानं बाटल्या जमवू नयेत, आणून मित्रांबरोबर प्याव्यात. त्यातही आनंदच आहे.

दुसरा प्रश्न विजेचा. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा आपल्या किनाऱ्यावर कित्येक गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती, हे तुम्हाला अलिबागकरांना मी काय सांगणार. कूलरच्या रिकाम्या जागेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा, वीज गेली की दार उघडायचंच नाही, त्या पाण्याच्या गारव्यावर बराच वेळ निघतो. फ्रीझरमध्ये मात्र काही झालं तरी घालू नका, बिअर गोठली की फुगते आणि बाटली फुटते.

मग खारा वारा. आपल्याकडे झाकणं गंजतात. कडेला तांबूस पूड दिसायला लागली की कोरड्या फडक्यानं पुसा आणि झाकणावर वितळलेल्या मेणाचा पातळ थर द्या, मानेपर्यंत. लेबलांना पावसाळ्यात बुरशी येते, म्हणून प्रत्येक बाटली प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि पुडी दर पावसाळ्यात बदलायची. पत्र्याच्या झाकणाच्या बाटल्या उभ्याच ठेवा, गाळ तळाशी बसतो आणि आतल्या हवेचा बिअरला कमीत कमी स्पर्श होतो. लॅम्बिकच्या (बेल्जियमची आंबट बिअर, पुढच्या प्रश्नात सांगतो) बुचाच्या बाटल्या ब्रुअरीवाले स्वतः आडव्या ठेवतात, तशा तुम्हीही ठेवू शकता. ट्यूबलाइटसुद्धा नको. उजेडानं हॉप्समधले कडू घटक तुटून गंधकाचा घाण वास तयार होतो, तपकिरी काच त्याला बऱ्यापैकी अडवते, हिरवी आणि पांढरी जवळजवळ नाहीच.

चाळीसातल्या सगळ्याच काही ठेवण्यालायक नसतील. 8 टक्के अल्कोहोलच्या वरच्या, काळ्या किंवा गडद, माल्टवर (मोड आणून वाळवलेलं धान्य) उभ्या असलेल्या बिअर मुरतात. कॉफी घातलेला स्टाउट असेल तर आधी तो संपवा, कॉफीचा वास वर्षभरात मेलेला असतो. एकाच बिअरच्या तीन बाटल्या असतील तर एक आता, एक वर्षानं, एक तीन वर्षांनी, आणि प्रत्येक वेळी चार ओळी लिहून ठेवा. आणखी मुरवण्यात अर्थ आहे की नाही हे दुसरीच्या वेळीच कळतं.

प्रश्न: मित्राने ब्रुसेल्सहून कॅन्टियोनची ग्यूझ आणली, कौतुकाने फोडली तर आंबट! घरातले म्हणाले खराब झाली, ओतून टाक. नक्की काय? (गुहागर)

उत्तर: ओतली नाहीत ना? ती आंबटच असते हो. कॅन्टियोन 1900 सालची ब्रुअरी, आणि ती लॅम्बिक बनवते, म्हणजे धान्याचा उकळलेला रस वरच्या मजल्यावर उथळ तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवायचा, आणि हवेतून, लाकडातून जे यीस्ट आणि जीवाणू येतील त्यांनी तो आंबवायचा. बाहेरून यीस्ट घालत नाहीत. म्हणून हे काम थंडीतच चालतं, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, उन्हाळ्यात नको ते जंतू बसतात. नंतर लाकडी पिंपात एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेली लॅम्बिक एकत्र करून बाटलीत भरतात, तिथे ती पुन्हा आंबते आणि फेस धरते, ती ग्यूझ.

आपल्या माडाची माडी बघा ना, तिलाही कोणी यीस्ट घालत नाही, सकाळी गोड असते आणि संध्याकाळी आंबट, सगळं हवेतलं आणि मडक्यातलंच काम. तुमच्या गावच्या माडीच्या जाणकाराला त्या ग्यूझचा घोट द्या, त्याला ती पटकन कळेल. खराब ग्यूझ क्वचितच होते, ही बाटली दहा-वीस वर्षं टिकणारी असते.

प्रश्न: गोव्यातल्या क्राफ्ट बिअर भारी आहेत, येताना चार क्रेट गाडीत टाकले तर चालतं का? (वेंगुर्ला)

उत्तर: नाही. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात आणि पकडलं की गाडीही जाऊ शकते. गोव्यात जा, तिथल्या बिअर तिथेच थंडगार प्या, एक मुक्काम करा. तसंही त्यातल्या बऱ्याचशा हॉपवाल्या असतात, चार क्रेट घरी आणून करणार काय?

प्रश्न: आम्ही चिपळूण-पुण्याचे सात-आठ जण आहोत, परदेशी लोक करतात तसं बिअर ट्रेडिंग, म्हणजे बाटल्यांची अदलाबदल, करायचं आहे. अमेरिकेतले ट्रेडर कोणते नियम पाळतात? आणि आम्ही कुरिअरने पाठवू शकतो का? (चिपळूण)

उत्तर: कुरिअर नाही, पोस्ट नाही. तेवढं सोडून बाकीचं सांगतो.

तिकडे लोक दोन याद्या टाकतात. आयएसओ म्हणजे मला हवीये ती, एफटी म्हणजे माझ्याकडे बदलीला आहे ती. अगदीच मिळत नाही अशा बाटलीला व्हेल म्हणतात, आणि जो तुमच्यासाठी रांगेत उभा राहून बाटली उचलतो तो म्यूल. सौदा बहुतेक वेळा मूळ दुकानाच्या किमतीवर बसवतात, म्हणजे दहा डॉलरच्या बाटलीला दहा डॉलरची, आणि चांगला ट्रेडर खोक्यात न मागता आपल्या गावची एखादी बिअर जास्तीची टाकतोच. मला या सगळ्यातली हीच पद्धत सगळ्यात आवडते.

फसवणूक कुठे होते तर तारखेत आणि ठेवण्यात. मोठं नाव असलं म्हणून बाटली चांगलीच असेल असं नाही. शिकागोच्या गूस आयलंडच्या बोर्बन काउंटी स्टाउटसाठी लोक थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे रांग लावतात, आणि 2015 च्या काही बॅचमध्ये नको तो आंबटपणा शिरल्यामुळे कंपनीला पैसे परत द्यावे लागले होते. त्या बाटल्या अजून कोणाकोणाच्या कपाटात असतील. म्हणून समोरच्याला विचारायचं ते असं: बॅच कोणती, कधी घेतली, कुठे ठेवली, आणि झाकणाचा जवळून फोटो पाठव. जो माणूस यावर टाळाटाळ करतो त्याच्याशी बदली करू नका.

तुमच्यासाठी मी बाटल्या अदलाबदल करण्यापेक्षा बॉटल शेअर सुचवेन. सगळ्यांनी आपापला दारू पिण्याचा परवाना काढायचा, प्रत्येकाने एक बाटली आणायची आणि एका घरी बसून सगळ्या सगळ्यांनी चाखायच्या. किती बाटल्या बाळगता येतात ते राज्य उत्पादन शुल्कच्या कार्यालयात विचारून घ्या, आणि 25 च्या आतल्या कोणाला बोलावू नका. पुण्याच्या मंडळींना सांगा की तुमच्याकडे 2009 पासून मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवून देणाऱ्या छोट्या ब्रुअरी) आहेत, दूलालीपासून सुरुवात झाली, तेव्हा पुढची बैठक तिकडे ठेवा, कारण ती बिअर टाकीतून थेट ग्लासात येते आणि बाटलीत सहसा मिळतच नाही.

माणशी 60-70 मिली पुरे, आठ बाटल्या असल्या की तेवढ्यातच भरपूर होतं. हलक्यापासून सुरू करा, आंबट मधे, आयपीए त्याच्या नंतर, काळा स्टाउट सगळ्यात शेवटी. सोबत तिखट सुकट-बोंबील नको, जीभ बधिर होते, साधे फुटाणे आणि भरपूर पाणी ठेवा. आणि रात्री कोणीही गाडी काढायची नाही, झोपायची सोय आधीच करून ठेवा.