उलटा संकर टाळू नकोस

प्रिय,

तुझ्या वहीची पानं पाहिली. फळमाश्यांच्या एका समूहाची मादी आणि दुसऱ्याचा नर घेतला की मुलगे वंध्य, जोडी उलटी केली की मुलगे ठणठणीत. यावरून तू काय ठरवलंस, तर नळ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असणार! आणि आता म्हणे फक्त 'नीट निघालेली' बाजू पुढे न्यायची. अगं, खरी गंमत सुरू होते तिथूनच तू माघारी फिरते आहेस.

उलटा संकर, म्हणजे आई-बापांचे समूह अदलाबदल करून लावलेली जोडी, हा निम्मा प्रयोग. तो वगळून दोन समूहांतल्या प्रजनन विलगतेबद्दल, म्हणजे त्यांची संतती होण्यात येणाऱ्या अडसराबद्दल, एक ओळही लिहू नकोस.

१९७२ साली सत्य प्रकाश यांनी कोलंबियातल्या बोगोटाच्या 'ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा' माश्यांबद्दल जे दाखवलं ते तुझ्या वहीशी ताडून बघ. अमेरिकेतल्या त्याच जातीच्या माश्यांशी जुळायला त्यांची काही हरकत नव्हती. पण आई बोगोटाची आणि बाप अमेरिकेचा असला की मुलगे वंध्य. उलट जोडीचे मुलगे प्रजननक्षम, आणि मुली दोन्हीकडे धडधाकट. प्रकाशांनी एकच बाजू केली असती तर? चुकीची बाजू हाती लागली असती तर विलगता नाहीच, असं लिहून मोकळे झाले असते.

कारण वहीत लिहून ठेव. मुलाचं एक्स गुणसूत्र आईकडूनच येतं. बोगोटाच्या एक्सवरची काही जनुकं अमेरिकी गुणसूत्रांच्या सोबतीला आली की शुक्राणू बिघडतात. आपल्या घरी ती निरुपद्रवी असतात, म्हणून तर नैसर्गिक निवडीने ती काढून टाकली नाहीत. डॉबझान्स्की आणि मुलर हे आनुवंशशास्त्रज्ञ सांगत होते ते हेच: समूह वेगळे राहतात, आपापल्या वाटेने बदलतात, आणि भांडण लागतं ते थेट संकरात. मुलींकडे दोन्हीकडचा एक्स असल्याने बरंच झाकलं जातं. मुलाकडे एकच, त्याचं सगळं उघड्यावर. हाल्डेनचा १९२२चा नियम तुला पाठ आहे: संकरात एकच लिंग वंध्य किंवा गायब असेल, तर ते दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं असलेलं. तो इथे लाव.

जोडीदार निवडण्यातही दिशा असतेच. झिम्बाब्वेच्या 'मेलॅनोगॅस्टर' या दुसऱ्या जातीच्या फळमाश्यांच्या माद्या जगभर पसरलेल्या वाणाच्या नरांना सहसा जवळ येऊ देत नाहीत; त्या वाणाच्या माद्यांना मात्र झिम्बाब्वेचा नर चालतो. दोन्ही बाजूंचे आकडे एकत्र करून सरासरी काढलीस की हाती काय राहिलं? काहीही नाही.

एक शंका तू विचारायला हवी होतीस, विचारली नाहीस. वोल्बाकिया. हा जिवाणू असलेला नर आणि नसलेली मादी एकत्र आली की अंडी मरतात, उलट जोडीत काही बिघडत नाही. ती विलगताही एकाच दिशेची, पण माशीच्या जनुकांशी तिचा संबंध नाही. तुझ्याकडे अंडी फुटताहेत, मुलगे वंध्य निघताहेत, म्हणजे बहुधा प्रकरण निराळं आहे. तरी दोन्ही वाण टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकावर वाढवून, मग काही पिढ्या साध्या खाद्यावर ठेवून, पुन्हा संकर कर. दोन्ही बाजूंनी, हे आता सांगायला नको.

माझ्या हट्टाबद्दल तू ऐकलं असशीलच. एका परीक्षकाने दोन्ही दिशांचे आकडे एकत्र करा, तक्ता आटोपशीर होईल, असं सुचवलं. मी नाही म्हटलं. निबंध रखडला आणि त्याची झळ माझ्यापेक्षा माझ्या विद्यार्थ्याला बसली. ते अजून टोचतं. पण तक्ता एकत्र केला असता तर त्यातली एकमेव सांगण्याजोगी गोष्ट पुसली गेली असती, मग तो निबंध कशाला हवा होता? लोक याला अडेलतट्टूपणा म्हणतात. म्हणोत.

चिठ्ठीवर आधी मादी, मग नर, तारीख, आणि ती मादी कोशातून बाहेर आल्यावर किती तासांत वेगळी केली ते. 'अ गुणिले ब' एवढंच लिहून नंतर आठवत बसू नकोस.

आणि ते वंध्य नर फेकू नकोस! बोगोटाच्या संकरातले असे नर म्हातारे झाले की थोडीफार संतती देतात, आणि ती जवळपास सगळी मुलींची. ओव्हरड्राइव्ह हे एकच जनुक वंध्यत्वातही गुंतलंय आणि या मुलींच्या भरतीतही, हे २००९ साली कळलं, कारण कुणीतरी ते म्हातारे नर ठेवले होते. तुझे नर नव्या खाद्यावर हलव, कुमारी माद्या सोबत सोड, आणि काही निघालंच तर मुलगे-मुली वेगळे मोज. आकडे पाठवशील तेव्हा आई कुठली ते प्रत्येक ओळीत दिसू दे.